दगडावरचं तिसरं नाव

आमच्या पेठेतल्या चौकात लढाईत गेलेल्यांचा जो दगड आहे, त्यावर दोन नावं होती. परवा सोलापूरला गेले तेव्हा तीन होती.

रस्ता रुंद करताना दगड मधल्या जागेवरून उचलला आणि कडेला, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी नेऊन बसवला, एवढं मला भाच्यानं फोनवर सांगितलं होतं. तिसऱ्या नावाचं कुणी बोललं नव्हतं. वरची दोन नावं पन्नास वर्षांच्या धुळीनं, तेला-कुंकवानं काळी पडलेली. त्यांच्याखाली ताजं, राखाडी, छिन्नीचे दात अजून दिसणारं एक नाव. बसवराज. मी दोनदा वाचलं. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेले, उगाचच एका दुकानात साबण विचारला, परत आले, पुन्हा वाचलं. रसवाला म्हणाला, "मावशी, कुणाला शोधताय का?" मी नाही म्हटलं.

त्या दगडासमोर मला कधीच दोन मिनिटं स्वस्थ उभं राहता आलेलं नाही. तो जेव्हा चौकाच्या मधोमध होता तेव्हाही मी सायकलवरून जाताना मान दुसरीकडे वळवायची. कारण तिसरं नाव त्यावर नव्हतं, ते माझ्यामुळे.

एकाहत्तरचा हिवाळा मला वासानं आठवतो. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास, गिरणीच्या बाजूनं येणारा कोळशाचा, आणि दुपारी भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि लसणीचा, कारण आमच्या ओळीत कुणाच्या ना कुणाच्या उखळात चटणी कुटली जात असायची. आठ खोल्यांची बैठी ओळ होती ती. आमची तिसरी, महादेवीअक्काची चौथी. मधली भिंत इतकी पातळ, की अक्का भाकरी थापायला बसली की आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. अक्का कडक भाकऱ्या करून दुकानांना द्यायची. कागदासारख्या पातळ, मोडल्या की टक्कन वाजणाऱ्या. दारात सुपांवर त्या वाळत घातलेल्या असत आणि आम्हा पोरांना तिथून पळत जायची बंदी होती.

अक्का अक्कलकोटच्या बाजूची. तिचं मराठी कन्नडच्या अंगानं चालायचं. मला ती 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि ती असेल बावीस-तेवीस. तिचा नवरा बसवराज फौजेत होता. वर्षातून एकदा यायचा, पत्र्याची ट्रंक घेऊन. घरात तिसरा माणूस म्हणजे तिचा सासरा. त्यांना आम्ही आज्जा म्हणायचो. गिरणीत जन्म गेलेला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ऐकू कमी यायचं. मागांच्या खडखडाटानं कान गेले होते.

तार आली ती डिसेंबर संपता संपता. लढाई संपल्याचं रेडिओनं सांगून झालं होतं, पेठेत पेढे वाटून झाले होते. आमच्या ओळीत इंग्रजी वाचता येणारे एकटे माझे वडील. अण्णा नगरपालिकेच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांनी तार वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"काय लिवलंय, मास्तर?" आज्जांनी विचारलं.

"सापडत नाहीत, असं लिहिलंय."

"म्हंजे गेला?"

"तसं लिहिलेलं नाही," अण्णा मोठ्यानं, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले. "सापडत नाहीत, एवढंच."

अक्का उंबऱ्यात उभी होती. हाताला ज्वारीचं पीठ, ते वाळून तडकत चाललेलं. "न्हाय सापडला तर शोधतील की," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे भाकरीची थाप सुरू झाली. नेहमीपेक्षा जलद. आई स्वयंपाक थांबवून ती थाप ऐकत बसली.

त्यानंतर अक्का बसलेली मी पाहिली नाही. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा ती मला घेऊन गेली आणि कासाराकडून मनगटापासून वर दाटून हिरव्या बांगड्या भरून आली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही. दिवसभर काही ना काही करत राहायची. वाकळा उसवायची, पुन्हा शिवायची. धुतलेली भांडी पुन्हा घासायची. पोस्टमनची सायकल कोपऱ्यावर वळली की दारात यायची, आणि तो पुढे गेला की तिथंच उभी राहून सुपातल्या भाकऱ्या उलट्या-सुलट्या करायची. सरकारी पत्रं यायची, अण्णा वाचून दाखवायचे. शोध चालू आहे, कळवू. मला तिचं ते फिरत राहणं लागलं होतं. मीही एका जागी अभ्यासाला बसेनाशी झाले. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला काय झालंय.

मग दुष्काळ पडला. तळ्याचा तळ उघडा पडला, नळाला पाणी कधी येईल ते कुणाला सांगता येईना. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातली ज्वारी आली. तिच्या पिठाला चिकटपणा नव्हता, भाकरी थापता थापता फाटायची. अक्का गरम पाण्यात उकड काढून ती जुळवायची. "हे पीठ एकमेकाला धरंनाच," ती म्हणायची आणि पुन्हा मळायला घ्यायची.

त्याच दिवसांत पेठेतल्या मोठ्या लोकांनी स्मारकाचं मनावर घेतलं, समिती केली. पेठेतले तिघं त्या लढाईत गेले, असं ते म्हणत. एक मागच्या गल्लीतला हवालदार, एक विणकर नरसम्माचा मुलगा व्यंकटेश, आणि आमचा बसवराज. दगडाचं चित्र काढायचं काम अण्णांकडे आलं.

अण्णांना ते साधं काम वाटलं नाही. एका रविवारी त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि बार्शीच्या वाटेवरच्या एका गावात नेलं. तिथं महादेवाच्या देवळामागं, लिंबाखाली, चार-पाच वीरगळ अर्धे मातीत रुतून उभे होते. लढाईत पडलेल्या माणसासाठी जुन्या काळी असा दगड उभा करत. शेंदूर, कबुतरांची शीट, आणि सावलीतही भाजणारं ऊन. अण्णांनी धोतराच्या टोकानं एक दगड पुसला आणि खालून वर वाचायला शिकवलं. सगळ्यात खाली आडवा पडलेला माणूस आणि त्याच्या गाई, ज्या वाचवताना तो गेला. त्याच्या वर तो लढतोय. त्याच्या वर दोन अप्सरा त्याला दंडाला धरून उचलून नेतायत. आणि सगळ्यात वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय.

"आणि हे?" मी माथ्याकडे बोट केलं.

"चंद्र आणि सूर्य. ते आहेत तोवर याची आठवण राहील, असं म्हणायचंय."

"याचं नाव काय होतं?"

अण्णा हसले. "ते कुठं लिहिलंय? नाव लिहायची पद्धत आपली आत्ताची."

शेजारच्या दगडावर नुसता एक हात कोरलेला होता. कोपरात वाकलेला, पंजा वर, मनगटात बांगड्या. मी त्याचं विचारलं. अण्णा म्हणाले, लढाईत पडलेल्याच्या मागोमाग सती गेलेल्या बायकोचा. घरी येताना मी कॅरिअरवरून अण्णांच्या पाठीला टेकून बसले होते आणि तो हात डोळ्यांसमोरून जात नव्हता.

अण्णांच्या मनात त्या हाताची रेघ भरली असणार. त्यांनी घरी कागदावर चित्र काढलं त्यात वर चंद्रसूर्य, मधे उलटी रोवलेली बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण, आणि खाली तो बांगड्यांचा हात. कागद जमिनीवर पसरून ते छाया भरत होते तेव्हा अक्का भाकऱ्या द्यायला आली. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"मास्तर, हा हात कुणाचा?"

"मागं राहिलेल्या बायकांचा," अण्णा म्हणाले. "त्यांचाही मान असावा म्हणून."

"सती गेलेल्या बाईचा असतो तो," मी म्हणाले. कुणी मला विचारलं नव्हतं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कानं आपला उजवा हात कागदावर, त्या हाताच्या शेजारी धरला. बांगड्या खाली घसरून मनगटाशी आल्या. "माझा हात तर हितं हाय," ती म्हणाली. "पीठ लागलंय बघा त्याला."

अण्णांचे कान लाल झाले. त्यांनी खोडरबर घेतलं आणि तिच्यादेखत तो हात खोडला. कागदावर काळपट वळ्या साठल्या, त्या त्यांनी फुंकून टाकल्या. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "इथं काय काढू?"

"ते हितं काय करत होते ते काढा की. लढाई तर चार दिवस केली त्यांनी."

म्हणून त्या दगडावर खाली मागावर सूत घेऊन धावणारा धोटा आहे आणि ज्वारीचं कणीस आहे. लोक विचारतात, लढाईच्या दगडावर धोटा कशाला. अण्णांनी कुणाला सांगितलं नाही.

आठवडाभरानं आज्जा आले. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पट्टे ताजे ओढून. सून पाण्याच्या रांगेत गेलेली बघूनच आले असणार.

"माझ्या बसूचं नाव घालणार ना, मास्तर?"

अण्णा म्हणाले, समिती घाला म्हणते. पण सरकारनं अजून गेले असं कळवलेलं नाही. आणि सूनबाईंचं काय?

"ती तरणी हाय. ती वाट बघंल. मला तेवढी सवड न्हाय." आज्जा कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखे एरवी मोठ्यानं बोलायचे. त्या दिवशी हळू बोलत होते. "आमच्यात माणसाला जाळत न्हाईत, मातीत बसवतात. मांडी घालून, हातात लिंग देऊन. माझ्या पोराला बसवायला माती न्हाय मिळाली. कुटं फूल ठिवू मी? एवढा दगड तरी द्या."

आज्जा गेल्यावर त्यांनी तीन नावं एका कागदावर मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिली. पाथरवटाला वाचता येत नव्हतं. तो अक्षरं चित्रासारखी बघून उतरवायचा.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कागद पोचवायचं काम माझ्याकडे आलं. निघाले तर अक्का दारात दोरी बांधून बसवराजची ट्रंक उन्हात रिकामी करत होती. कसर लागू नये म्हणून कपड्यांच्या घड्यांत लिंबाचा पाला. तिनं एक सदरा दोरीवर घातला होता आणि त्याची बटणं लावत होती. खालून वर, एकेक, गळ्यापर्यंत. आत कुणी असल्यासारखी.

"तंगी, कुटं चाललीस?"

"दगडवाल्याकडे."

तिनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. वरचं बटण लावलं, मग कॉलर नीट केली.

मी गल्लीच्या टोकाला गेले, विजेच्या खांबाआड उभी राहिले आणि कागदाची खालची, बसवराजच्या नावाची पट्टी फाडली. ठरवलं नव्हतं. पट्टी टाकायची कुठं हे कळेना, कोणी उचलून वाचेल म्हणून ती तोंडात घातली. शाईची तुरट चव, आणि कागदाचा लगदा काही केल्या गिळवेना. पाथरवटाकडे पोचले तोवर तो लगदा कसाबसा घशाखाली उतरला होता.

"दोनच?" पाथरवटानं विचारलं. "मास्तर तीन म्हणले होते."

"दोनच," मी म्हणाले.

त्यानं खांदे उडवले आणि गेरूनं दगडावर आखायला घेतलं. पुढचे कितीतरी दिवस दुपारभर ती छिन्नी ऐकू यायची. टक, टक, मग थांबायची. वाटायचं, आता कोणीतरी आलं, आता मोजली नावं.

अण्णांनी मोजली. दगड चौकात आणायच्या आदल्या दिवशी ते बघून आले. चपला काढता काढता त्यांनी मला विचारलं, "कागद नीट नेला होतास ना?"

"हो."

"फाटलाबिटला नव्हता?"

"नाही."

"बरं," अण्णा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. समितीतले लोक तणतणत घरी आले तेव्हा त्यांनी त्यांना सांगितलं, की नाव मीच लिहिलं नाही. बेपत्ता म्हणजे मृत नव्हे, कागदावर नसलेलं दगडावर कसं घालू. अण्णांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. आज्जांना मात्र कुणीच काही सांगितलं नाही. ज्यानं त्यानं ते दुसऱ्यावर सोपवलं.

अनावरणाच्या दिवशी सकाळी चौकात पाणी शिंपडलं होतं, त्या टंचाईतही. कुठला तरी फौजेतला अधिकारी आला, बिगूल वाजला, झेंडूचे हार पडले. गर्दी पांगल्यावर आज्जा दगडाजवळ आले. हातात दोन शेवंतीची फुलं. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तळहात दगडावर ठेवला आणि वरून खाली फिरवला. चंद्रावरून, बंदुकीवरून, अक्षरांवरून. मग आजूबाजूला पाहिलं. सगळ्यात जवळ मी होते.

"पोरी, बसूचं कुठलं? दाखव की."

अण्णा चार पावलांवर होते. अक्का गर्दीच्या मागं, हिरव्या बांगड्यांत, भिंतीला टेकून. आज्जांनी आपलं बोट माझ्यापुढं केलं. सुताच्या धारेनं चिरा पडलेलं. मी ते धरलं आणि खालच्या ओळीवर, व्यंकटेशच्या नावावर ठेवलं. आज्जांनी एकेक अक्षर चाचपलं. "मोठं आलंय," ते समाधानानं म्हणाले.

नरसम्मा तिथंच होती. तिच्याच मुलाचं ते नाव. तिला तेलुगूखेरीज फारसं बोलता यायचं नाही, पण आपल्या मुलाच्या नावाची ओळ कुठली हे तिला पाठ होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आज्जांच्या बोटाकडे पाहिलं, आणि हातातला हार घेऊन थांबून राहिली. आज्जांचं झाल्यावर पुढं आली.

त्यानंतर दर सोमवारी आज्जा जायचे. नरसम्मा आधी आली असली तर बाजूला सरायची. कधी दोघं मिळून दगड धुवायची, ओल्या फडक्यानं, एकच नाव. सगळ्या चौकाला ठाऊक होतं. पानवाल्याला, सायकलवाल्याला, शाळेतल्या पोरांना. कुणी कधी बोललं नाही. दोन वर्षांनी आज्जा गेले. त्यांना मातीत बसवलं. मी त्या दिवशी घरात कोपऱ्यात बसून रडले ते आज्जांसाठी, की आता ते बोट पुन्हा माझ्यासमोर येणार नाही या सुटकेनं, हे मला अजून सांगता येत नाही.

बसवराज आला नाही. मी लग्न होऊन पुण्याला गेले, अण्णा गेले, खोल्या पाडल्या, तिथं कापडाची गोदामं झाली. त्या कागदाचं मी कुणालाच सांगितलं नाही. पण मनात एक ऊब ठेवली होती. आज्जांना फसवलं खरं, पण अक्काचा नवरा मी मरू दिला नाही.

परवा मी विचारत विचारत अक्काच्या भाच्याचं, तिच्या भावाच्या मुलाचं घर गाठलं. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे, बांगड्या दोनच. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. मी दगडाचं विचारलं तर उठलीच. "चल, जवळ जाऊन बघू. ऊन उतरलंय."

दगडासमोर ती म्हणाली, "मागल्या वर्षी मीच कोरून घेतलं. अर्ज करत बसले न्हाय. माणूस बोलावला, सकाळी येऊन दोन तासांत कोरून गेला."

"का, अक्का? इतक्या वर्षांनी?"

"ऐंशीचा झाला असता की. घरी असता तरी एवढ्यात गेला असता." ती सहज म्हणाली. "आता वाट बघण्यात काय अर्थ न्हाय."

मग मी सांगितलं. खांब, कागद, तोंडातली पट्टी, सगळं. ती पदरानं दगडावरची धूळ पुसत ऐकत होती.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "मास्तर लगेच सांगून गेले होते. म्हणाले, पोरीनं तुमच्यासाठी केलंय, तिला बोलू नका."

मला वाटलं, आता ती माझ्या पाठीवर हात ठेवेल. ती दगडच पुसत राहिली.

"राग न्हाय गं. त्या वेळी मलाबी तेच पायजे होतं. पण नाव कोरू दिलं असतंस ना, तर मी रडले असते. वर्ष, दोन वर्षं. मग उठले असते. आमच्यात दुसरं लगीन होतं. भावानं माणूस बघितला होता, जेऊरला रेल्वेत होता. बरा होता. मी दाराआडून बघितला होता त्याला." तिनं पदर झटकला. "नाव नव्हतं, म्हणून भावाला म्हणाले, माझा नवरा हाय. मग तेच म्हणत राहिले."

गाड्या जात होत्या. रसवाल्याची घुंगरं वाजत होती. पन्नास वर्षं जे जपून ठेवलं होतं ते हातातून निसटून रस्त्यावर पडल्यासारखं झालं, आणि ते उचलावं की नाही हेही कळेना.

"चल," अक्का म्हणाली, "भाच्याची बायको चहाला थांबली असंल."

रस्ता आता फार रुंद झालाय. तिनं माझा दंड धरला आणि आम्ही थांबत थांबत, रिक्षा चुकवत तो ओलांडला. पलीकडे पोचल्यावरही तिनं दंड सोडला नाही.